प्रयोगशाळेचे दार

शास्त्रातील सत्य कोणी शोधून काढले, यावर त्याचे खरेपण अवलंबून नसते. भांड्यातील पाणी ठरावीक उष्णतामानाला उकळते. चूल पेटविणारा हात मुलाचा की मुलीचा, हे पाणी विचारीत नाही. निसर्ग असा भेद करीत नाही. परंतु निसर्गाचा अभ्यास ज्या संस्थांत चालतो त्या माणसांनी उभारलेल्या असतात, आणि तेथे हा भेद दीर्घकाळ केला गेला. तो कसा केला गेला आणि तो दूर करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, हे एका मराठी शास्त्रज्ञ स्त्रीच्या चरित्रावरून चांगले समजते.

कमला भागवत यांचा जन्म 1911 साली इंदूर येथे झाला. त्यांचे वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या भगिनी. 1933 साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्‌सी. परीक्षेत पहिल्या आल्या. पुढील संशोधनासाठी त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. त्यांचे वडील व चुलते याच संस्थेत शिकले होते. गुणवत्तेत काहीही उणे नव्हते. तरीही अर्ज नामंजूर झाला. संस्थेचे संचालक नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. अर्जदार मुलगी आहे, एवढेच नकाराचे कारण होते.

कमलाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्या बंगलोरला गेल्या, नकाराचे कारण त्यांनी समक्ष विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याचा निश्चय सांगितला. अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटींसह. पहिले वर्ष परीक्षेचे राहील, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, अशा त्या अटी होत्या. बरोबरीच्या मुलांना अशी कोणतीही अट नव्हती. ज्याला आपण विषमता म्हणतो ती येथे स्पष्ट दिसते. दार उघडले; पण एकासाठी सताड आणि दुसरीसाठी केवळ किलकिले.

श्रीनिवासय्या या मार्गदर्शकांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. आपल्या देशातील गरिबांच्या ताटात मांस वा अंडे क्वचितच येते. शरीर घडविणारी प्रथिने त्यांना डाळीतूनही मिळतात. म्हणून हे संशोधन मोलाचे होते. वर्षअखेर त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. थोर शास्त्रज्ञाचाही एखादा ग्रह चुकीचा असू शकतो, आणि समोर पुरावा आला की तो बदलू शकतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तेथून कमलाबाई इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर काम करीत असता वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हा पदार्थ असतो, हे त्यांना आढळून आले. पेशींच्या श्वसनक्रियेत तो महत्त्वाचे कार्य करतो. या संशोधनाबद्दल 1939 साली त्यांना केंब्रिजची पीएच.डी. पदवी मिळाली. स्वदेशी परतल्यावर त्यांनी दिल्ली व कुन्नूर येथे काम केले. 1947 साली विवाह झाल्यावर त्या कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. ताडाच्या नीरेतील पोषक घटकांवर त्यांनी केलेल्या संशोधनाचा राष्ट्रपती पुरस्काराने गौरव झाला. या संस्थेचे संचालकपदही त्यांना लाभले. मात्र ते योग्य वेळी न मिळता काही वर्षे उशिरा मिळाले. म्हणजे प्रवेशाच्या वेळी आडवी आलेली अडचण निराळ्या रूपाने पुढेही उभी होतीच. 1998 साली त्यांचे निधन झाले.

आज आपल्याकडे कोणतेही विद्यापीठ मुलीला केवळ मुलगी म्हणून नकार देत नाही. मग प्रश्न सुटला काय? आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. बजाजनगर ही छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक क्षेत्रातील कामगारांची वसाहत. शहरात 1958 साली स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ आहे. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. समजा, बजाजनगरमधील एक मुलगी तेथे संशोधन करीत आहे. प्रयोग घड्याळ पाहून संपत नाही. तो कधी रात्री नऊपर्यंतही चालतो. प्रयोगशाळा तिच्यासाठी उघडी आहे. पण परतीचा रस्ता सुरक्षित नसेल आणि वसतिगृहात जागा नसेल, तर तिला प्रयोग अर्धवट टाकून निघावे लागेल. नियम सर्वांना सारखा असूनही संधी सारखी राहिली नाही. म्हणून सुरक्षित वाहन आणि वसतिगृह या गोष्टी प्रयोगशाळेतील उपकरणांइतक्याच आवश्यक होत.

दुसरी अडचण काळाची. पीएच.डी.साठी मुदत असते, आणि नेमक्या त्याच वयात अनेक स्त्रियांवर मातृत्वाची जबाबदारी येते. हे ओळखून विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 साली नियम केला. त्यानुसार संशोधक स्त्रियांना दोन वर्षांची वाढीव मुदत आणि मातृत्व व बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. त्यापूर्वी, 2002-03 साली, केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने संसारामुळे ज्यांच्या संशोधनात खंड पडला अशा स्त्रियांना पुन्हा प्रयोगशाळेत आणण्यासाठी योजना सुरू केली होती. याला कोणी सवलत म्हणेल. पण ज्या ओझ्याचा भार एकाच्याच खांद्यावर पडतो, ते उचलण्यास हात लावणे हा न्याय आहे.

सरकार नियम करील, विद्यापीठ वसतिगृह बांधील. तुमच्या हाती काय आहे? शाळेच्या प्रयोगशाळेत चौघांचा गट होतो, तेव्हा परीक्षानळी कोण धरतो आणि सुंदर अक्षर म्हणून नोंदवही कोणाकडे दिली जाते, हे एकदा पाहा. परीक्षेच्या दिवसांत घरी भाऊ व बहीण दोघांचाही अभ्यास असतो. त्या वेळी भांडी घासावयास कोणाला उठविले जाते, हेही पाहा. कमलाबाईंना बंगलोरच्या दारात अडविणारी समजूत अशाच लहानसहान सवयींतून वाढते. या सवयी मोडण्यासाठी कोणाच्याही परवानगीची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या प्रयोगाच्या तासाला नोंदवही आणि परीक्षानळी यांची अदलाबदल करून तुम्हांला आरंभ करता येईल.