गुडघ्याच्या वाटीवरची खाच

जन्मतः गुडघ्याची वाटी हाडाची नसते, कूर्चेची असते. साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षी तिच्यात हाड धरू लागतं. काहींच्या वाटीचा वरचा, बाहेरच्या बाजूचा कोपरा मुख्य हाडाशी जुळतच नाही. काहींच्यात त्याच कोपऱ्यावर खाच दिसते, तिला ‘वास्टस नॉच’ म्हणतात. दिवसभर उकिडवं बसणाऱ्यांच्या मांडीचा बाहेरचा स्नायू तिथे ताण देतो, त्यातून खाच पडते, असं काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ती जन्मजात जडणघडण आहे. त्यामुळे एकट्या खाचेवरून कोणाचं काम ठरवणं घाईचं. नडगीच्या खालच्या टोकावर उकिडवं बसल्याने उमटणारी खूण आणि कंडरा चिकटते तिथले हाडाचे कंगोरे जोडीला पाहायला हवेत. शिवाय वयानेही कंगोरे वाढतात.

हाडं वाचायचा दुसरा मार्ग डीएनएचा. लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेत जुन्या हाडांतला डीएनए तपासला जातो. पंजाबात अजनाळ्याच्या विहिरीतून २०१४मध्ये निघालेले अवशेष गंगेच्या मैदानातल्या माणसांचे असल्याचं २०२२च्या अभ्यासातून पुढे आलं, त्यात ही संस्था सहभागी होती. पण डीएनए मूळ सांगतो. रोजचे कष्ट सांगत नाही. ते वाचायला हाडांचा आकारच लागतो. असं वाचन करायला सांगाडे त्याच मैदानात आहेत: तिथल्या प्रतापगड जिल्ह्यात सराय नाहर राय, महदहा आणि दमदमा इथे मध्याश्मयुगीन शिकारी लोकांचे उंच, दणकट सांगाडे सापडले आहेत.

संग्रहालयात सांगाडा पाहाल, तेव्हा कवटीवरून नजर जरा गुडघ्यापर्यंतही न्या.