मोटार कुरकुरते ती केव्हा?

आवाजांच्या बाबतीत आपली मराठी भाषा मोठी सधन आहे. दार करकरते, भांडी खणखणतात, पंखा घरघरतो, पत्रा खडखडतो, रहाट कुईकुई करतो. वर्गात ध्वन्यनुकारी शब्दांचा धडा आला म्हणजे मी मुलांना पाच मिनिटांत आठवतील तेवढे शब्द लिहायला सांगतो आणि कागद भरभर भरतात. पण अशीच भाषासंपन्न माणसे घरची जुनी मोटार घेऊन गॅरेजच्या दारात उभी राहिली, की त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघते, "कसलातरी आवाज येतो हो!" त्या 'कसल्यातरी'चे बिल पुढे किती होईल याला मग धरबंध राहत नाही.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात जुन्या मोटारीवर माया करणारी घरे आहेत, आणि त्याला कारणही आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली आणि १९७४ साली तिचेच नामांतर प्रीमियर पद्मिनी असे झाले. पुढे कंपनीचा एक कारखाना आमच्या डोंबिवलीलगत, कल्याण-शीळ रस्त्यावर उभा राहिला. नव्वदीच्या दशकात तेथे प्यूजो ३०९ ही गाडी तयार होत असे. कारखाना गेला, तरी 'प्रीमियर मैदान' हे नाव लोकांच्या तोंडी राहिले आहे. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून कायमची गेली, कारण शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत आदल्या दिवशी संपली. खासगी पद्मिनी मात्र फेरनोंदणी करून, सणासुदीला पुसून-पासून, कोठे कोठे चालू आहेत. वडिलांनी १९८९ साली घेतलेली आमचीही त्यांतलीच एक.

गेल्या श्रावणात या आमच्या वडीलधाऱ्या मोटारीला नवीनच खोड लागली. हळू चालली की पोटाखालून चूं-चूं असा तालबद्ध आवाज यायचा. थांबून पुन्हा निघताना एकदा 'टक्क' व्हायचे. मुंब्रा बायपासवर जरा वेग घेतला की मागच्या सीटखाली बारीक थरथर. हिचे कान माझ्यापेक्षा तिखट, त्यामुळे चूं-चूं प्रथम तिनेच ऐकली, आणि "पुढच्या आठवड्यात आईंना घेऊन ठाण्याला डॉक्टरांकडे जायचंय, तोवर हिचं काय ते बघा," असेही बजावले. एका गॅरेजमध्ये नेली. तेथल्या तरुण कारागिराने दोन मिनिटे ऐकले आणि निकाल दिला: गिअरबॉक्स उतरवावा लागेल, क्लच तर बदलाच, बाकी उघडल्यावर कळेल. हे 'उघडल्यावर कळेल' ऐकून पगारदार माणसाच्या पोटात खड्डा पडतो.

म्हणून वागळे इस्टेटच्या एका गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. मी मराठीचा प्राध्यापक. शक्य तितक्या अचूकपणे सांगू लागलो, की कुईकुई नव्हे, चूं-चूं म्हणा, पण शेवटी थोडा अनुनासिक... मिस्त्रींनी हात वर केला. "सर, आवाज कसा येतो ते मी ऐकीन. केव्हा येतो ते तुम्ही सांगा. उभ्या गाडीत येतो का?"

"नाही."

"क्लच दाबला तर थांबतो?"

"नाही थांबत."

"सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून गाडी नुसती घरंगळू द्या, तेव्हा?"

ते मी पाहिले नव्हते. दोघे बसून इस्टेटमधल्या एका मोकळ्या रस्त्यावर गेलो. गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळत होती, इंजिन मंद होते आणि चूं-चूं चाकांच्या तालावर जशीच्या तशी चालू होती. "गिअरबॉक्स उतरवायचं कारण नाही," मिस्त्री म्हणाले, "दुखणं त्याच्या मागं आहे."

असे त्यांना कशावरून कळले, हे समजण्यासाठी मोटारीतला शक्तीचा प्रवास पाहिला पाहिजे. इंजिनाच्या टोकाला एक जड चक्र फिरत असते. त्यावर स्प्रिंगांच्या जोराने दाबलेली एक प्रेशर प्लेट, आणि दोहोंच्या मध्ये, दोन थाळ्यांत पापड दाबून धरावा तशी, क्लच प्लेट. पेडल दाबले की वरची थाळी सैल होते आणि पापड सुटतो, म्हणजे इंजिन फिरत राहिले तरी गिअरबॉक्सला ते कळत नाही. पद्मिनीसारख्या गाडीत गिअरबॉक्सपासून एक लांब शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागे जातो, त्याला वाकण्याची मोकळीक देणारे सांधे असतात (मिस्त्री त्यांना 'क्रॉस' म्हणतात), आणि शेवटी डिफरन्शियलमधून मागची चाके फिरतात. प्रत्येक टप्पा केव्हा फिरतो आणि केव्हा स्वस्थ असतो हे ठाऊक असले, की आवाजाचा माग काढता येतो. चोर कोणत्या वेळी घरात होता हे कळले की निम्मा तपास झालाच!

पहिली परीक्षा उभ्या गाडीत. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, पाय पेडलवरून बाजूला. आता घरघर येत असेल आणि क्लच दाबताच ती थांबत असेल, तर आवाज गिअरबॉक्सच्या आतला. पेडल वर असताना न्यूट्रलमध्येही आतला पुढचा दांडा फिरत असतो. दाबल्यावर तो थांबतो. तेथले बेअरिंग झिजलेले असेल किंवा, पुष्कळदा, तेलच कमी असेल. तेल पाहिल्यावाचून कोणालाही गिअरबॉक्स उघडू देऊ नका. याच्या नेमके उलट, क्लच दाबल्यावरच सूं-सूं किंवा घुर्र सुरू होत असेल, तर तो क्लचच्या रिलीज बेअरिंगचा. सिग्नलला क्लच दाबून गिअरमध्येच उभे राहण्याची सवय या बेअरिंगला फार लवकर म्हातारे करते. शीळफाट्याच्या खोळंब्यात रोज अर्धा तास असे उभे राहणाऱ्यांनी न्यूट्रल करून पाय काढावा. पेडल दाबले काय, सोडले काय, आवाज सारखाच राहिला तर क्लचला दोष देऊ नये, इंजिनाकडे पाहावे.

क्लच घसरतो त्याला बहुधा आवाज नसतो, म्हणून तो अधिक फसवा. चढावर टॉप गिअरमध्ये पाय दाबला की इंजिन ओरडते पण गाडी वेग घेत नाही, आणि मागून जळका वास येतो. निघताना गाडी थडथड करीत असेल, तर प्लेटवर तेल उतरल्याचा संशय घ्यावा.

आता चालत्या गाडीत. एकाच गिअरमध्ये आवाज आला तर त्या गिअरचे दाते पाहावेत. टॉप सोडून बाकी सगळ्या गिअरमध्ये आला, तर खालचा दांडा आणि त्याची बेअरिंगे. कारण जुन्या चार गिअरच्या गाड्यांत टॉपमध्ये शक्ती सरळ पार जाते, खालच्या दांड्यावर भार येत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मागून हुंकार आणि सोडल्यावर त्याचा सूर बदलला, तर डिफरन्शियल. आणि रिव्हर्समध्ये गाडी जो किंचाळल्यासारखा आवाज करते तो रोग नव्हे! त्या गिअरचे दाते बहुधा सरळ कापलेले असतात, ते तसेच ओरडायचे. त्यासाठी पैसे खर्च केलेले एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत.

आमच्या मोटारीला मिस्त्रींनी चाकांना दगड लावले, भक्कम घोड्यांवर चढवले (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही, शिरू नये) आणि शाफ्ट हाताने मागेपुढे पिरगळून दाखवला. मागच्या सांध्यात स्पष्ट ढील होती, आणि क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस गंजाची भुकटी. आतले ग्रीस सुकून सुयांसारखे बेअरिंग कोरडे पडले होते. इतक्या वर्षांत ते व्हायचेच. चूं-चूं त्याची आणि 'टक्क' त्या ढिलाईची. थरथरीला मात्र त्यांनी गांभीर्याने घेतले. "पुढचा सांधा असा तुटला आणि शाफ्टचं तोंड रस्त्यावर पडलं, तर चालत्या गाडीत भाल्यासारखं रुततं," ते म्हणाले. "मागचा तुटला तर खालून धडाधड मारत सुटतो. आईंना घेऊन बायपासवर जाणार होतात ना?" मग मी गप्प बसलो. क्लचवर नवी प्लेट चढली असती, बिल चुकते झाले असते आणि हा सांधा तसाच राहिला असता.

मारुती ८०० आणि तिच्यासारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना हा लांब शाफ्ट नाही. तेथे स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना कट-कट-कट ऐकू आले, तर चाकाजवळचा सांधा गेला समजावे. आधी त्यावरची रबरी टोपी फाटते, ग्रीस उडते, पावसाचा चिखल आत जातो. दर पावसाळ्याआधी वाकून ती टोपी पाहिली तर पुष्कळ खर्च वाचतो. सरळ रस्त्यावर गुंजारव आणि वळणावर तो कमी-जास्त होत असेल, तर चाकाचे बेअरिंग. हे सगळे ऐकायला रेडिओ बंद आणि काचा खाली हव्यात, हे सांगायला नकोच. पण आमच्या घरी ते चिरंजीवांना सांगावे लागते.

मिस्त्रींनी त्या दिवशी एका जुन्या बिलाच्या पाठीवर मला पाच प्रश्न लिहून दिले: उभी की चालती, क्लच दाबून की सोडून, कोणता गिअर, पाय दाबून की काढून, सरळ की वळणावर. कागद गाडीच्या खणात आहे. क्रॉसचा संच मिळाला कुर्ल्याच्या सी. एस. टी. रस्त्यावर, तिसऱ्या दुकानात. जाताना जुना क्रॉस पिशवीत घालून नेला होता. टोपीचा व्यास दुकानदाराने त्यावरूनच मोजला. तुम्हीही तसाच न्या. 'पद्मिनीचा द्या' एवढ्यावर तेथे भागत नाही.