सरहद्दीवरचा हायड्रोजन

निजामाच्या अमदानीत लातूरच्या पेठेतला माल बार्शीकडे, म्हणजे इंग्रजी मुलखात, निघाला की वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागे. माल तोच, रस्ताही तोच, परंतु व्यापाराची गती त्या नाक्यावरील अडसरावर अवलंबून असे, हे ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे, त्यांना धातू आणि ऑक्साईड यांच्या सीमेवर विजेचे काय होते हे समजणे कठीण जाऊ नये.

जस्त, कथिल वा टायटॅनियम यांच्या ऑक्साईडवर पॅलेडियमचा पातळ थर चढविला, की दोहोंच्या संधीस्थानी इलेक्ट्रॉनांच्या वाटेत ऊर्जेचा एक बांध उभा राहतो. शास्त्रज्ञ वॉल्टर शॉट्की यांच्या नावाने तो ओळखला जातो. हायड्रोजन नेमका याच बांधाला हात घालतो. पॅलेडियमच्या पृष्ठभागी त्याचे रेणू फुटून अणू होतात, ते थरातून पाझरत सीमेपाशी पोचतात, तेथे धन-ऋण प्रभारांची रांग मांडतात, बांध खचतो आणि प्रवाह वाढतो. पुढे हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्या अणूंचे पाणी झाले, की संधी पूर्वस्थितीस येते. पॅलेडियमचा हाच गुण वापरून स्वीडनमध्ये लुंडस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली हायड्रोजन ओळखणारे उपकरण सिद्ध केले.

भारनियमनाने गांजलेल्या नांदेड-लातूरकरांना अशा उपकरणाचे महत्त्व सांगावयास नको. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना तीतून हायड्रोजन सुटतो. त्याला ना रंग ना वास, आणि कोंदट खोलीत हवेतील त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले, तर एक ठिणगी अनर्थास पुरेशी होते.

मात्र त्या उपकरणात सीमेवर उपयोगी पडणारा हाच वायू इतर उपकरणांत सर्वत्र हितकारक नाही. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमध्ये बसविलेल्या फेरोइलेक्ट्रिक स्मृतिघटकांत तो शिरला, तर ऑक्साईडमधील ऑक्सिजन हिरावून त्यांची स्मृतीच क्षीण करतो. उलट इंडियम-गॅलियम-झिंक ऑक्साईडच्या ट्रान्झिस्टरात तो संधीपुरताच नेला, तर तेथील रोध घटतो, पण मुख्य मार्गात पसरला, तर प्रवाह बंद करण्याची ताकदच नाहीशी होते.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तीच्या वर्धापनदिनी, नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ऑक्साईडच्या पातळ थरांवर आणि वायुसंवेदकांवर संशोधन झाले आहे. तेथे शिकणाऱ्या आमच्या मुलांनी पदार्थाइतकेच त्याच्या काठाकडेही लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे; कारण करोडगिरीचे नाके उठले ते योग्यच झाले, परंतु या सूक्ष्म सरहद्दीवर कोणता अडसर काढावा आणि कोणता जपावा, याचा निवाडा अभ्यासानेच करावा लागेल.