जुने कपडे ऑनलाइन घेताना : भाव नव्हे, हिशेब पाहा

दारावर येणारी बोहारीण आपण सर्वांनी पाहिली आहे. भांडे पुढे सरकवण्याआधी ती प्रत्येक कपडा उजेडाकडे धरते, कॉलर उलटवते, काख पाहते, साडीचा काठ चाचपते आणि मगच बोलणी करते. एवढी वर्षे कापडाच्या धंद्यात घालवूनही मोबाइलवर खरेदी करताना ही साधी गोष्ट मी विसरलो.

भाच्याच्या निकाहसाठी एक वापरलेली शेरवानी ऑनलाइन घेतली. ‘सिल्क, एकदाच वापरलेली, किंमत २,२०० रुपये’ एवढाच मजकूर होता. कुरियरचे १८०, ड्रायक्लीनचे ४०० आणि दुरुस्तीचे ७०० धरून ती ३,४८० रुपयांना पडली. वर कापड निघाले पॉलिएस्टर! तशी नवी शेरवानी आमच्याच बाजारात ३,५०० रुपयांत मिळत होती. बचत झाली ती अवघी वीस रुपयांची.

आपण व्यापारी माल दुकानात येऊन पडेपर्यंतचा सगळा खर्च धरूनच भाव काढतो. घरच्या खरेदीलाही तोच नियम लावावा. किंमत, कुरियर, धुलाई आणि शिंप्याची मजुरी यांची बेरीज नव्या कपड्याच्या किमतीशी ताडून पाहावी. फरक किरकोळ असेल तर नवाच घ्यावा.

काय घ्यावे, काय टाळावे

लग्नसमारंभाचे कपडे, कोट, जाकिटे, जाड जीन्स हा माल जुना घेण्यात फायदा असतो. हे कपडे कमी वेळा अंगावर चढतात किंवा मुळातच टिकाऊ असतात. सुती कपडा दोन-चार धुण्यांतून गेलेला असेल तर तो बहुतेक आटून चुकलेला असतो आणि त्याचा कच्चा रंगही निघून गेलेला असतो. ही जुन्या मालाची जमेची बाजू होय. मात्र आतले कपडे, इलॅस्टिकचा माल आणि रोजचे टी-शर्ट जुने घेऊ नयेत. ते नवेच स्वस्त मिळतात.

विकणाऱ्याला काय विचारावे

आपला हात तिथे पोहोचत नाही, म्हणून विकणाऱ्याच्या हातून कपडा तपासून घ्यावा. दिवसाच्या उजेडातले फोटो मागावेत. त्यांत कॉलर, काख, बाहीची कड, चेन, कंपनीचे लेबल आणि कपड्याची उलटी बाजू दिसली पाहिजे. लेबलवर बहुधा कापडाचा प्रकार लिहिलेला असतो.

‘एल’ किंवा ‘एक्सएल’वर विसंबू नये. प्रत्येक कंपनीचे माप वेगळे. कपडा सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचे माप मागावे आणि आपल्या अंगाला नीट बसणारा कपडा तसाच पसरून त्याच्याशी ताडावे. आत माया किती ठेवली आहे तेही विचारावे. सैल कपडा आत घेणे सोपे असते, पण तंग कपडा माया असेल तरच सोडता येतो. खांद्याचे काम सर्वांत किचकट आणि महाग, म्हणून खांदा मुळातच बरोबर असावा.

जरीच्या बाबतीत विशेष सावध राहावे. असली जर चांदीच्या तारेची असते, नकली तांब्याच्या तारेची किंवा प्लॅस्टिकची. फोटोत तिन्ही सारख्याच चमकतात. तेव्हा केवळ फोटो पाहून जरीचा दाम देऊ नये. कापडाची खात्री घरी करता येते. आतल्या मायेतला एक धागा ओढून जाळावा. सूत कागदासारखे जळून राख होते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते.

पैसे देताना

माल परत घेणार की नाही, हे आधी लेखी विचारून ठेवावे. पार्सल उघडताना सुरुवातीपासून न थांबता व्हिडिओ काढावा, तक्रारीच्या वेळी तोच पुरावा असतो. ज्या ॲपवर खरेदी होत आहे तिथे पैसे भरण्याची सोय असेल तर त्याच मार्गाने पैसे द्यावेत. ‘पैसे परत पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका’ असे कोणी म्हणाले तर ती फसवणूक समजावी. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

एकाच विक्रेत्याकडून दोन-तीन नग घेतल्यास कुरियरचा खर्च विभागला जातो. लोकरीचा माल उन्हाळ्यात आणि लग्नाचे कपडे सराई उलटल्यावर पाहावेत. तेव्हा घासाघीस करायला जागा असते.

आपल्यापैकी काही बांधव आता स्वतःही असा माल विकतात. त्यांना एकच विनंती. डाग असो, रफू असो, मालातला ऐब आधी सांगावा. दोन पैसे कमी मिळतील, पण माल परत येण्याचे भाडे वाचेल आणि गिऱ्हाईक पुन्हा आपल्याकडेच येईल.