बागेवरचें आकाश कोणाचें?

संध्याकाळचें ऊन उतरूं लागलें कीं सोलापुरांतील कुटुंबें सिद्धेश्वर तलावाच्या कांठीं, हुतात्मा बागेंत किंवा धर्मवीर संभाजी तलावाकडे फिरावयास निघतात. म्हातारीं माणसें बाकांवर विसावतात, मुलें घसरगुंडीभोंवतीं गर्दी करतात. अशा वेळीं डोक्यावर भुंग्याची गुणगुण ऐकूं यावी व चार पंख्यांचें एक लहानसें यंत्र झाडांच्या शेंड्यांवरून तरंगत जातांना दिसावें, हें आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. मुलें टाळ्या पिटतात. एखादी बाई पदर सांवरून वर पाहते. बाकावरचे आजोबा छत्री उघडावी कीं काय या विचारांत पडतात. ज्या तरुणाच्या हातीं त्या यंत्राचा लगाम आहे तो कुंपणाशीं उभा असतो, आणि आपण कांहीं गैर करीत आहों असें त्याच्या मनांतहि नसतें. बागेची जमीन महापालिकेची, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु बागेवरचें आकाश कोणाचें, हा प्रश्न त्यास कोणी विचारलेला नसतो.

प्रथम यंत्राचीच ओळख करून घेणें बरें. इंग्रजींत नर मधमाशीस ‘ड्रोन’ म्हणतात. १९३५ सालीं ब्रिटिशांनीं तोफांच्या नेमबाजीचा सराव व्हावा म्हणून वैमानिकाशिवाय, केवळ रेडिओच्या लहरींवर चालणारें एक विमान सिद्ध केलें व त्यास ‘क्वीन बी’, म्हणजे राणीमाशी, असें नांव ठेविलें. त्या राणीवरूनच पुढें या सर्व जातीस ड्रोन हें नांव पडलें असें मानतात. हल्लींच्या हौशी ड्रोनास बहुधा चार पंखे असतात. त्यांपैकीं दोन घड्याळाच्या कांट्याप्रमाणें व दोन उलट फिरतात. सर्व एकाच दिशेनें फिरूं लागले तर यंत्र स्वतःभोंवतींच गिरक्या घेत बसेल. मागच्या पंख्यांचा वेग किंचित् वाढविला कीं तें पुढें झुकतें व पुढें जातें. बॅटरी सामान्यतः वीस ते तीस मिनिटें पुरते. संपर्क तुटला किंवा बॅटरी उतरली तर पुष्कळ यंत्रें आपण होऊन निघाल्या ठिकाणीं परत येतात. मोकळ्या माळावर ही सोय उत्तमच. परंतु बागेंत परतीची वाट सरळ रेषेंत काढतांना मध्यें वडाची फांदी किंवा विजेची तार आहे, हें स्वस्त यंत्रास कळत नाहीं. शिवाय अशा यंत्रांचे कारखानदार बहुधा ४० अंश सेल्सिअसपर्यंतचीच उष्णता चालेल असें आपल्या पत्रकांत छापतात. सोलापूरचा एप्रिल-मेचा पारा चाळिशीच्या पलीकडे कितीदां जातो, हें सोलापूरकरांस सांगावयास नको.

यंत्र पडलें तर काय होतें, याचा हिशेब शाळेच्या गणितानेंहि करतां येतो. ३० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण दहा मजल्यांच्या इमारतीच्या माथ्यावरून, सुटलेली वस्तु हवेचा विरोध जमेस न धरतां जमिनीवर येईतों ताशीं सुमारें ८७ किलोमीटर वेग घेते. फिरकी गोलंदाजाचा चेंडूहि जवळपास त्याच वेगानें येतो. पण क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमचा. ९०० ग्रॅमचा ड्रोन म्हणजे असे साडेपांच चेंडू एकत्र बांधलेले, आणि त्यांस वर फिरतीं पातीं जोडलेलीं! हवेच्या विरोधानें वेग थोडा कमी होईल, एवढाच दिलासा. इंग्लंडांत २०१५ सालीं एका हौशी माणसाचा ड्रोन झाडास अडकून भरकटला व त्याच्या पात्यानें दीड वर्षाच्या एका मुलाचा डोळा कायमचा गेला. उडविणारा दुष्ट नव्हता, शेजारचाच माणूस होता.

आतां कायद्याकडे वळूं. १९३४ च्या विमान कायद्यानें ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येंत फुगे व ग्लायडर यांच्या पंक्तीस पतंगहि बसविला होता. अक्षरशः अर्थ घ्यावयाचा तर संक्रांतीस गच्चीवर उभा राहून ‘काटा’ म्हणून ओरडणारा प्रत्येक पोर वैमानिकच ठरला असता! तो कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागीं भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला. यावरून एवढें ध्यानांत यावें कीं, हवेंत कांहींहि सोडणें ही केवळ घरगुती बाब आहे असें आपल्या कायद्यानें कधींच मानलें नाहीं.

ड्रोनासंबंधीं मात्र सरकार बराच काळ चांचपडत होतें. २०१४ च्या मे महिन्यांत मुंबईंतील एका उपाहारगृहानें ड्रोनकरवीं एका उंच इमारतीच्या गच्चीवर पिझ्झा पोंचविला. त्याचें कौतुकहि झालें आणि पोलिसांची चौकशीहि झाली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें खासगी ड्रोन उडविण्यास सरसकट मनाई केली. २०१८ च्या डिसेंबरपासून परवानग्यांची एक लांबलचक पद्धति सुरू झाली. ती इतकी किचकट होती कीं प्रामाणिक मनुष्यानें कंटाळावें व अप्रामाणिकानें तिच्याकडे पाहूंच नये. शेवटीं २५ ऑगस्ट २०२१ रोजीं ‘ड्रोन नियम, २०२१’ प्रसिद्ध झाले. २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रास ‘नॅनो’ व त्यावर दोन किलोपर्यंतच्या यंत्रास ‘मायक्रो’ म्हणावें असें त्यांत ठरलें. नॅनो यंत्र उडविणाऱ्यास आणि धंद्यासाठीं नव्हे तर हौसेखातर मायक्रो उडविणाऱ्यास वैमानिकाचें प्रमाणपत्र लागत नाहीं. यंत्राची सरकारदरबारीं नोंद करून क्रमांक घ्यावा, हा सामान्य नियम आहे. नियमभंगास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

पुष्कळ लोकांची समजूत येथेंच फसते. प्रमाणपत्र लागत नाहीं म्हणजे परवानगीहि लागत नाहीं, असें ते धरून चालतात. वस्तुतः या नियमांनीं देशाचें आकाश हिरव्या, पिवळ्या व तांबड्या अशा तीन रंगांत वांटलें आहे. हिरव्या भागांत १२० मीटर उंचीपर्यंत मोकळीक. पिवळ्यांत विमान वाहतूक नियंत्रकाची परवानगी. तांबड्यांत केंद्र सरकारची. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यांत मोकळीक ६० मीटरपर्यंतच मिळते, आणि ८ किलोमीटरच्या आंत परवानगीवांचून मुळींच नाहीं. यंत्र अडीचशें ग्रॅमचें आहे म्हणून या हद्दी सैल होत नाहींत.

सोलापूरचा प्रश्न निराळा आहे तो यामुळेंच. होटगी रस्त्यावरचा विमानतळ अनेक वर्षें नियमित प्रवासी सेवेवांचून पडून होता. ९ जून २०२५ रोजीं गोव्यास जाणारी विमानसेवा सुरू झाली व तो पुनश्च जागा झाला. सिद्धेश्वराचें देऊळ तेथून सरळ रेषेंत सुमारें पांच-सहा किलोमीटर. संभाजी तलाव त्याहूनहि जवळ. म्हणजे ज्या बागांत सोलापूरकर संध्याकाळीं जातात त्या बहुतेक सर्व आठ किलोमीटरच्या वर्तुळाच्या आंत पडतात. एखाद्या बागेच्या फाटकावर मनाईची पाटी असो वा नसो, तेथून परवानगीवांचून ड्रोन उडविणें नियमाविरुद्धच आहे.

विमानतळासाठीं या शहरानें किती मोल दिलें, याची आठवण अजून ताजी आहे. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारें ९० मीटर उंचीची चिमणी विमानांच्या मार्गांत अडथळा ठरते म्हणून वर्षानुवर्षें वाद चालला. कोर्टकचेऱ्या झाल्या, कारखान्याच्या सभासद शेतकऱ्यांनीं विरोध केला, आणि अखेर १५ जून २०२३ रोजीं ती पाडण्यांत आली. तो निर्णय योग्य कीं अयोग्य, यावर गांवांत आजहि दोन मतें आहेत. परंतु चिमणी निदान एका जागीं उभी होती व वैमानिकाच्या नकाशावर तिची खूण करतां येत होती. १०० मीटरांवर घोंघावणारा ड्रोन ही एक चालती-फिरती चिमणीच होय, आणि तिची खूण कोणत्याहि नकाशावर नसते. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर २०१८ च्या डिसेंबरांत ड्रोन दिसल्याच्या वार्तांवरूनच सुमारें एक हजार उड्डाणें विस्कळीत झालीं व नाताळच्या तोंडावर लाखाहून अधिक प्रवासी अडकून पडले.

केंद्राच्या या रंगीत नकाशाखेरीज स्थानिक अधिकाऱ्यांच्या हातींहि कांहीं साधनें आहेत. तातडीची गरज असेल तर राज्य सरकार किंवा पोलीस एखाद्या जागेवरचें आकाश एका वेळीं ९६ तासांपर्यंत तांबडें ठरवूं शकतात. हुकूम काढणारा अधिकारी पोलीस अधीक्षकाच्या दर्जाहून खालचा नसावा व क्षेत्र अवाजवी मोठें नसावें, अशी त्यांत अट आहे. याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमान्वयें मनाई हुकूम निघतात. जुन्या संहितेंतील सुप्रसिद्ध १४४ वें कलम तें हेंच. मुंबईंत या मार्गानें ड्रोन, पॅराग्लायडर व गरम हवेचे फुगे यांस वेळोवेळीं बंदी होत आली आहे. असा हुकूम सामान्यतः दोन महिन्यांहून अधिक टिकत नाहीं, परंतु मुदत संपली कीं नवा काढतां येतो. तात्पुरत्याचें कायम व्हावयास आपल्याकडे वेळ लागत नाहीं, आणि ही गोष्ट तितकीशी समाधानाची नाहीं. भय असेल तेव्हां बंदी समजूं शकते. केवळ कंटाळ्यानें वाढविलेली बंदी लोक मानीनासे होतात.

महापालिकेचा अधिकार निराळ्या जातीचा आहे. तिला आकाशाचे नियम करतां येत नाहींत; पण बाग तिची असल्यानें बागेच्या जमिनीवरून यंत्र उडवूं वा उतरवूं नये, असें ती म्हणूं शकते. परदेशांतहि बहुधा हीच रीत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांनीं २०१४ सालीं ड्रोनास बंदी केली, आणि त्याच उन्हाळ्यांत एका प्रवाशाचा ड्रोन यलोस्टोन येथील प्रसिद्ध रंगीत उष्ण कुंडांत जाऊन बुडाला. लंडनच्या राजोद्यानांतहि मनाई आहे.

सोलापुरांत कांहीं जागांस स्वतंत्र संरक्षण आहे. भुईकोट किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यांत असल्यानें तेथें त्या खात्याची अनुमति लागते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यांत चित्रीकरणास वनखात्याची परवानगी हवी. माळढोक आधींच नामशेष होण्याच्या कांठावर आहे. त्याच्या माथ्यावर पंख्यांची घरघर सोडणें हा खेळ नव्हे. शहरांतल्या तलावांवरचीं पांखरें बिथरतात तीं वेगळींच, आणि घार तर कधीं कधीं ड्रोनासच सावज समजून झडप घालते.

राहिली घरांतल्या माणसांची गोष्ट. उन्हाळ्यांत सोलापूरचीं कितीतरी कुटुंबें रात्रीं गच्चीवर अंथरुणें टाकतात. त्या गच्चीवरून कॅमेरा फिरूं लागला तर कुटुंबानें काय करावें? सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्वाळा दिला. पण अंधारांत दोन दिवे लुकलुकत जातात ते कोणाचे, हें ओळखण्याचें साधन गच्चीवरच्या माणसाजवळ नसतें. २०२४ च्या पावसाळ्याच्या सुमारास पुणें जिल्ह्याच्या ग्रामीण भागांत व मराठवाड्यांत रात्रीं ड्रोन दिसतात, चोर त्यांतून टेहळणी करतात, अशा वार्ता पसरून गांवेंच्या गांवें जागीं राहिलीं होतीं. अशा हवेंत निरुपद्रवी हौशी मुलगाहि मार खाण्याचा संभव असतो.

मग या मुलानें करावें काय? सरकारचा आकाशाचा नकाशा इंटरनेटवर सर्वांस खुला आहे; निघण्यापूर्वीं तो पाहावा. तुळजापूर रस्त्यानें तळे हिप्परग्याच्या बाजूस गेलें कीं आठ किलोमीटरची हद्द ओलांडली जाते; तेथें एखाद्याच्या मोकळ्या शेतांत, मालकास विचारून, ६० मीटरांच्या आंत यंत्र उडवितां येईल. विद्यार्थ्यांविषयीं कायदा बराच उदार आहे. शिक्षण, संशोधन वा करमणूक यांसाठीं, डोळ्यांच्या टप्प्यांत उडविलेल्या २५ किलोपर्यंतच्या नमुना यंत्रास प्रकार-प्रमाणपत्राचीहि गरज नाहीं. शहरांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांनीं व महापालिकेनें मिळून हद्दीबाहेर एक माळ निवडला, रविवारच्या सकाळीं तेथें एखादा जाणता शिक्षक उभा केला, आणि बागांच्या फाटकांवर ‘फुलें तोडूं नयेत’ या ओळीखालीं दुसरी एक ओळ शुद्ध मराठींत रंगविली, तर रंगाऱ्याच्या मजुरीपलीकडे फारसा खर्च येऊं नये. त्या ओळींत ‘मनाई आहे’ एवढेंच न लिहितां तो माळ कोठें आहे तेंहि लिहावें.