चित्रगती व ऊर्ध्व समकालन

संगणकीय खेळात दर सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांच्या संख्येस चित्रगती म्हणतात. पडद्याच्या पुनर्लेखनाच्या कंप्रतेशी तिचा मेळ घालण्याच्या क्रियेस ऊर्ध्व समकालन (व्हर्टिकल सिंक) ही संज्ञा आहे. ऋण किरण नलिकेच्या पडद्यावर इलेक्ट्रॉन शलाका वरून खाली एकेक रेषा रेखाटते व तळाशी पोहोचल्यावर पुन्हा वर जाते. या अवकाशात चित्र बदलल्यास प्रतिमा अखंड राहते. मध्येच बदलल्यास ती आडवी फाटल्यासारखी दिसते. समकालनाने हा दोष टळतो. मात्र दोन स्मृतिखंडांच्या पद्धतीत, ६० हर्ट्‌झ कंप्रतेच्या पडद्यावर प्रत्येक चित्रास १६.७ मिलिसेकंदांहून थोडा जरी अधिक वेळ लागला, तरी चित्रगती ३० वर उतरते.

जुन्या खेळांत चित्रगतीला मर्यादा असण्याचे आणखी एक कारण म्हणजे हालचालींचे गणित पुष्कळदा चित्रगतीशी निगडित असे. डूम (१९९३) या खेळात हे गणित सेकंदाला ३५ वेळा, म्हणजे ७० हर्ट्‌झ कंप्रतेच्या निम्म्या गतीने होई व चित्रगतीही तेवढीच मर्यादित असे. क्वेक ३ अरीना (१९९९) या खेळात चित्रगती १२५ असता गुरुत्वामुळे प्रत्येक चित्रागणिक वेगात होणारा ६.४ एककांचा बदल पूर्णांकात ६ धरला जाई. परिणामी उडी अधिक उंच जाई. यामुळे असे खेळ जलद यंत्रांवर मूळ स्वरूपात जतन करावयाचे असल्यास त्यांची गतिमर्यादाही राखावी लागते.