‘वर्तमान’ दहा दिवसांचे जुने

पेशवाईतला कारकून ‘इकडील वर्तमान तरी’ असे लिही, तेव्हा त्याला काळ सांगायचा नसे, बातमी सांगायची असे. वर्तमान येई, कळे, ऐकू येई, लिहून पाठवले जाई. आज आपण हा शब्द भूत आणि भविष्य यांच्या मधोमध बसवतो. तेव्हा तो जासुदाच्या थैलीतून प्रवास करी.

किती प्रवास करी? पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. नानासाहेब पेशवे तेव्हा फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. भिलशाच्या, म्हणजे आजच्या विदिशाच्या, मुक्कामात सुमारे दहा दिवसांनी सावकारी पत्र त्यांच्या हाती पडले. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, अशा सांकेतिक भाषेतले. मोती म्हणजे लढाईत पडलेले पेशव्यांचे चुलतभाऊ भाऊसाहेब आणि मुलगा विश्वासराव. मधले दहा दिवस पेशव्यांच्या जगात ते दोघेही जिवंत होते. पत्र उघडले आणि दहा दिवसांपूर्वीचे मरण त्या क्षणी घडले. अशा मजकुराला आपल्या माणसांनी ‘वर्तमान’ म्हणावे, याने मी थक्क होतो. घटना घडली तेव्हा नव्हे, कळली तेव्हा ती ‘आता’ झाली!

व्याकरणाची गंमत याहून खोल आहे. संस्कृत ‘वृत्’ धातू म्हणजे फिरणे, चालू असणे. त्यापासून ‘वर्तमान’, म्हणजे जे चालले आहे ते. आणि ‘वृत्त’, म्हणजे जे घडून गेले ते. वर्तन, आवर्तन, वर्तुळ हीही त्याच धातूची लेकरे. मराठीने छापील बातमीपत्राला दोन्ही नावे दिली, वर्तमानपत्र आणि वृत्तपत्र. एकच कागद, एका नावात घटना अजून चालू आहे, दुसऱ्यात ती संपली आहे. मला पहिले नाव अधिक आवडते.

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ हे वर्तमानपत्र ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले, शेजारी शेजारी मराठी आणि इंग्रजी स्तंभ घेऊन. आधी पाक्षिक, काही महिन्यांनी साप्ताहिक. त्या वेळी आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजातून विलायतेची खबर मुंबईला पोचायला महिनेच्या महिने लागत. विलायतेत कधीच शिळी झालेली गोष्ट इथल्या वाचकाला ताजी लागे. पुढे १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईला येऊन लागली आणि ते महिने तासांवर आले.

बातमी या अर्थाचे सुटे ‘वर्तमान’ त्यानंतर बोलण्यातून हळूहळू विरले. एका ठिकाणी मात्र ते धडधाकट आहे. मराठी बायबल उघडा: मत्तय, मार्क, लूक, योहान, चौघांच्याही ग्रंथांचे नाव ‘शुभवर्तमान’. तिथे वर्तमान म्हणजे आजही बातमीच, आणि तीही जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची.